साडू म्हणतात, अंटार्क्टिकावर काहीतरी लपवलंय: अशा माणसाशी बोलायचं कसं

पहिलं काम म्हणजे लगेच उत्तर लिहायचं नाही. सकाळी साडेसहाला सुप्रभातच्या गुलाबाखाली 'बर्फाखाली नाझींचं शहर, सगळी सरकारं गप्प का?' असा व्हिडिओ येऊन पडला की बोटं शिवशिवतात. पण घरच्या ग्रुपवर तिरीमिरीत लिहिलेलं उत्तर बाकीच्यांनी हसावं म्हणून लिहिलेलं असतं, आणि व्हिडिओ पाठवणाऱ्याला ते बरोबर कळतं. मोबाइल उपडा ठेवा, चहा घ्या.

मी टपाल खात्यातला माणूस, चिपळुणातून सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. अंटार्क्टिकाशी संबंध कसा आला ते पुढे येईलच. आमच्या घरात या विषयाचे दोन जाणकार आहेत. एक साडूभाऊ, बँकेतून निवृत्त, कर्जाच्या अर्जावरची खोटी सही लांबून ओळखणारे. दुसरा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. साडूंचा विषय नाझी तळ आणि पिरॅमिड, भाच्याचा सपाट पृथ्वी आणि बर्फाची भिंत. दोघंही हुशार आहेत. हे आधी मनापासून मान्य करा. समोरचा अडाणी आहे असं धरून बोलायला बसलात तर तुमचा आवाजच बदलतो, मग पुढचं सगळं फुकट.

हुशार माणसं यावर विश्वास का ठेवतात? माझं उत्तर असं की तिथे कोणाच्याच ओळखीचं कोणी नसतं. उद्या कोणी म्हणालं की वाशिष्ठीच्या डोहात पाणबुडी लपवून ठेवलीय, तर चार जण जागच्या जागी सांगतील की अरे, परवाच तिथे गळ टाकून बसलो होतो. अंटार्क्टिकाबद्दल असं सांगणारा मावसभाऊ बहुतेकांना नाही. त्या खंडाला मूळ रहिवासीच नाहीत. भारताच्या चौपटीहून मोठा भूभाग, आणि हिवाळ्यात त्यावर हजारभर माणसं. अशा ठिकाणी कोणी काहीही नेऊन मांडलं, शहर, राक्षस, उडत्या तबकड्या, तरी ते आपल्या अनुभवाच्या आड येत नाही. त्यात 'जगाला माहीत नाही ते मला माहीत आहे' ही चव वेगळीच. निवृत्तीनंतर ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला तर ती चांगलीच लागते. साडूंबद्दल मी हे त्यांच्या तोंडावर बोलणार नाही, तुम्हीही तुमच्या माणसाला बोलू नका.

नेमकं काय पटलंय, ते विचारा

अंटार्क्टिकाची रहस्यं म्हणून जे फिरतं त्यात एकमेकांना छेद देणाऱ्या गोष्टी असतात. पृथ्वी सपाट असेल तर कडेला भिंत आहे. पृथ्वी पोकळ असेल तर ध्रुवावर भोक आहे. दोन्ही एकदम खरं असणं अवघड, पण एकाच व्हिडिओत दोन्ही भेटतात. म्हणून समोर बसवून शांतपणे विचारा: 'तुम्हाला यातलं नक्की कोणतं पटलं? कशामुळे पटलं?' दुसरा प्रश्न महत्त्वाचा. साडूंच्या बाबतीत उत्तर आलं, 'अहो, अमेरिकेचं आरमार तिथे गेलं होतं, हे तर खरं आहे ना?' भाच्याच्या बाबतीत आलं, 'मामा, मग सामान्य माणसाला तिथे जाऊ का देत नाहीत?' दोघांच्या गाठी वेगळ्या, त्यामुळे औषधही वेगळं.

हा माझा नुसता अंदाज नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा कटांवर विश्वास असलेल्या लोकांचं संभाषण संगणकाशी घडवून आणलं. संगणकाला सांगितलं होतं की हा माणूस स्वतः जी कारणं देतो, त्यांनाच उत्तर दे. लोकांचा विश्वास सरासरी वीस टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनी पाहिलं तरी उतरलेलाच होता. वीस टक्के म्हणजे काही मतपरिवर्तन नव्हे. पण घरच्या ग्रुपवरच्या भांडणातून तेवढंही हाती लागत नाही.

मग त्यातलं खरं आधी मान्य करा

हे मनावर घ्या, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. 'सगळं खोटं आहे' म्हणालात की संपलं. समोरच्याने एक तरी खरी गोष्ट वाचलेली असते आणि तुम्ही तीही नाकारली, असं तो धरतो.

साडूंचंच घ्या. नाझी जर्मनीने अंटार्क्टिकावर मोहीम काढली होती हे खरं. 'श्वाबेनलांड' नावाचं जहाज डिसेंबर १९३८ मध्ये हॅम्बुर्गहून निघालं, आल्फ्रेड रित्शर त्या मोहिमेचा प्रमुख. जहाजावर दोन विमानं होती, ती यंत्राने फेकून हवेत सोडायची. त्यांनी हजारो छायाचित्रं घेतली, हद्द दाखवायला स्वस्तिकाचे भाले वरून टाकले, त्या भागाला 'नॉयश्वाबेनलांड' नाव दिलं. कशासाठी? देवमाशाच्या तेलासाठी. जर्मनीत मार्गारिन त्या तेलाचं होत असे आणि ते विकत घेण्यात परकीय चलन जात असे. स्वतःची शिकारीची हद्द हवी होती. मोहीम किनाऱ्यापाशी महिनाभरही नव्हती, एप्रिल १९३९ मध्ये परत हॅम्बुर्गला. एवढ्या वेळात तळ सोडा, धड गोदामसुद्धा उभं राहत नाही.

आता यातला भाग असा, की मी सांगितल्यावर साडू पहिल्यांदा गप्प बसले. त्या मोहिमेतल्या एका वैमानिकाचं आडनाव शिर्माखर. त्याला विमानातून बर्फाच्या मधोमध उघडा खडक आणि तळी दिसली. पंचवीसेक किलोमीटर लांबीचा तो पट्टा आजही 'शिर्माखर ओअॅसिस' म्हणून ओळखला जातो. गुप्त तळाच्या गोष्टींतलं 'बर्फातलं उबदार सरोवर' कुठून आलं, याचा एक धागा इथे आहे. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात १९८९ पासून भारताचा 'मैत्री' तळ आहे! नाझींच्या कथित राजधानीच्या अंगणात आपली माणसं गेली तीस-पस्तीस वर्षं वरणभात खात आहेत. चार-पाच किलोमीटरवर रशियाचा नोवोलाझारेव्स्काया तळ, तो १९६१ पासूनचा. त्याच पट्ट्यात एक जर्मन तळही खरोखर होता, पण पूर्व जर्मनीचा, १९७६ साली आलेला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तो बंद झाला आणि नंतर उचलून नेण्यात आला. भारतीय, रशियन आणि कम्युनिस्ट जर्मन, हे तिघं मिळून हिटलरचं गुपित सांभाळत होते, असं मानायचं का? हा प्रश्न मी विचारला. उत्तर मागितलं नाही.

मग साडू आरमाराकडे वळले. तेही खरं: १९४६-४७ मध्ये अमेरिकेने 'ऑपरेशन हायजम्प' काढलं, १३ जहाजं आणि सुमारे ४,७०० माणसं, सोबत अॅडमिरल रिचर्ड बर्ड. गोष्ट अशी सांगतात की उडत्या तबकड्यांनी पिटाळलं म्हणून मोहीम अर्ध्यात गुंडाळली. लवकर गुंडाळली हे बरोबर, कारण हिवाळा आणि बर्फ लवकर आले. एक विमान कोसळून तिघे गेले, तेही खरं. पण इतकं आरमार कशाला? युद्ध नुकतंच संपलेलं, पुढचा शत्रू सोव्हिएत रशिया, त्याच्याशी गाठ पडली तर उत्तर ध्रुवाच्या बाजूने पडणार, आणि थंडीत जहाजं-विमानं चालवायचा सराव नाही. तो सराव दक्षिणेला जाऊन केला. बँकेच्या माणसाला हे कारण पटतं, कारण त्यात खर्चाचा हिशेब लागतो.

जर्मन पाणबुड्यांचंही तसंच. यू-५३० आणि यू-९७७ या दोन पाणबुड्या युद्ध संपल्यावर जुलै आणि ऑगस्ट १९४५ मध्ये अर्जेंटिनाच्या मार देल प्लाता बंदरात शरण आल्या, हे नोंदलेलं आहे. त्या आधी हिटलरला दक्षिणेला सोडून आल्या, असं म्हणतात. महिने बघा. जून-जुलै म्हणजे तिथला भर हिवाळा, किनाऱ्याभोवती शेकडो किलोमीटर गोठलेला समुद्र. त्या काळच्या डिझेलच्या पाणबुडीला श्वास घ्यायला वर यावं लागे. येणार कुठून?

तारीख आणि ऋतू तपासायची सवय लावा

आमच्या खात्यात तारखेच्या शिक्क्यावर नोकऱ्या टिकायच्या, त्यामुळे मला हे आपोआप जमतं. तुम्हालाही जमेल. ध्रुवाच्या गोष्टी रचणारे बहुधा ऋतू विसरतात.

बर्डची एक 'गुप्त डायरी' फिरते. त्यात फेब्रुवारी १९४७ मध्ये तो उत्तर ध्रुवाकडे उडतो, त्याला हिरवीगार दरी दिसते, पुढे तिथले उंच गोरे लोक त्याला अणुबाँबवरून समज देतात. फेब्रुवारी १९४७ मध्ये बर्ड कुठे होता? वर सांगितलंच, अंटार्क्टिकावर. शिवाय उत्तर ध्रुवावर सूर्य मार्चच्या विषुवदिनाच्या सुमारास उगवतो. फेब्रुवारीत तिथे हिरवी दरी असती तरी ती पाहायला बॅटरी लागली असती.

ध्रुवावरच्या भोकाचा जुना फोटोही असाच. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये 'एस्सा-७' या हवामान उपग्रहाने घेतलेलं ते चित्र आहे, मधोमध काळा गोल. उपग्रहाने दिवसभरात घेतलेले तुकडे जोडून ते बनवलंय, आणि नोव्हेंबरात उत्तर ध्रुवावर रात्र असते. जिथे उजेड नाही तिथे काळं येतं. नकाशांच्या अॅपमध्ये दक्षिण ध्रुवाजवळ दिसणारे पुसट, जोडलेले पट्टे घेऊन भाचा आला तेव्हाही असंच झालं. लँडसॅटसारखे उपग्रह नेमके ध्रुवावरून जात नाहीत, ८२-८३ अंशांच्या पुढचं त्यांना दिसत नाही, म्हणून तिथे दुसरीकडून आणलेले तुकडे लावतात. हे त्याने स्वतः शोधून काढलं. मी फक्त म्हणालो, 'उपग्रहाची कक्षा किती अंशांची असते रे?' मुलांना उत्तर देण्यापेक्षा काम द्यावं.

बर्फात कोणीतरी बांधून ठेवला म्हणतात, त्या पिरॅमिडवर मी वेळ घालवत नाही. एल्सवर्थ पर्वतरांगेतलं ते शिखर आहे, चार बाजूंनी बर्फाने खरवडलेलं. आल्प्समधल्या मॅटरहॉर्नचा आकार बघा आणि पुढे चला.

'मग जाऊ का देत नाहीत?'

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर तयार ठेवा, कारण ते लोकांना खरंच माहीत नसतं. जाऊ देतात. अलीकडच्या हंगामांत वर्षाला लाखाहून जास्त पर्यटक जातात, बहुतेक दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून जहाजाने. ऑस्ट्रेलियातून नुसतं वरून दाखवून परत आणणारी विमानंही निघतात. महाग आहे, हा अडथळा खरा. आमच्या पेन्शनीत ते बसत नाही, यात कट कसला!

परवानगी लागते, हेही खरं. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या, त्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघंही होते. भारत १९८३ मध्ये आला. लष्करी तळ नको, अणुस्फोट नको, किरणोत्सारी कचरा नको. १९९१ च्या माद्रिद पूरक कराराने खाणकामावर बंदी आणली आणि कोणाला, काय करायला, कुठे जाऊ द्यायचं यावर पर्यावरणाचे नियम आले. आपल्याकडेही २०२२ मध्ये त्यासाठी कायदा झालाय. पण साडूंना मी दाखवलं ते कराराचं सातवं कलम: मतदानाचा हक्क असलेला कोणताही देश दुसऱ्या कोणाच्याही तळावर कधीही तपासनीस पाठवू शकतो आणि त्यांना सगळं खुलं ठेवावं लागतं. शीतयुद्धातही अमेरिकेचे तपासनीस सोव्हिएत तळांवर जाऊन आले. साडूंनी आयुष्यभर बँकेत ऑडिट सोसलंय. 'अचानक येतात?' त्यांनी विचारलं. 'अचानक येऊ शकतात,' मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती दिसली.

खरं गुपित कसं असतं, तेही सांगा

सरकारं लपवत नाहीत, असं चुकूनही म्हणू नका, कारण लपवतात. ध्रुवीय प्रदेशातलंच उदाहरण आहे. ग्रीनलँडच्या बर्फात अमेरिकी सैन्याने १९५९ पासून 'कॅम्प सेंच्युरी' खणला: बर्फातले बोगदे, राहायच्या खोल्या, वीज द्यायला छोटी अणुभट्टी. जगाला सांगितलं, संशोधन. संशोधन झालंही. पण त्यामागे 'प्रोजेक्ट आइसवर्म' होता, बर्फाखाली सुमारे सहाशे क्षेपणास्त्रं फिरती ठेवायची योजना. ग्रीनलँड ज्यांच्या ताब्यात, त्या डेन्मार्कलाही ती सांगितलेली नव्हती. बर्फ सरकतो, बोगदे चेपायला लागले, १९६७ मध्ये तळ सोडून दिला. हे सगळं उघड झालं १९९७ मध्ये, डॅनिश संशोधन संस्थेच्या अहवालातून.

हे मी स्वतःहून सांगितलं तेव्हा भाचा उठून बसला. 'म्हणजे खरंच लपवलं होतं!' हो. आता नीट बघ, म्हटलं, खऱ्या गुपिताला काय काय असतं. जागा असते, तिथे काम केलेली माणसं असतात, खर्चाचे कागद असतात, फसलेली यंत्रणा असते, आणि शेवटी कोणीतरी फायली उघडतं. तुझ्या बर्फाच्या भिंतीवर पहारा कोण देतं? त्यांची बदली कुठून होते? रेशन कोणतं जहाज नेतं? भिंतीसारखा कडा तिथे आहे, हे मी मान्य केलं. जेम्स क्लार्क रॉसने १८४१ मध्ये पाहिला, समुद्रातून उभा वर आलेला बर्फाचा कठडा, मैलोन्‌मैल. ती तरंगणाऱ्या हिमपट्ट्याची कड आहे, आणि वर चढून ध्रुवापर्यंत चालत गेलेली माणसं १९११ पासून आहेत.

ओसाड जागेत माणसं आणा

आता माझा खरा उपाय. खोडून काढण्यापेक्षा हा जास्त चालतो. ज्या जागेबद्दल काहीच माहीत नाही तिथे रहस्य राहतं, म्हणून त्या जागेबद्दल अगदी कंटाळवाणं वाटावं इतकं सांगा.

मी टपालापासून सुरू करतो. भारताचा तिथला पहिला तळ 'दक्षिण गंगोत्री'. १९८४ मध्ये तिथे पोस्ट ऑफिस सुरू झालं आणि ते गोवा विभागाच्या अखत्यारीत आलं. तळ बर्फात गाडला गेला, तेव्हा पोस्ट 'मैत्री'वर गेलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथून तीन हजार किलोमीटरवरच्या 'भारती' तळावरही शाखा उघडली, प्रायोगिक पिनकोड एमएच-१७१८. एमएच म्हणजे आपलंच महाराष्ट्र टपाल सर्कल! तिकिटं जमवणारे लोक गोव्याला वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे पत्रं पाठवतात, मोहिमेबरोबर ती जातात, तिथला शिक्का मारून घेऊन परत येतात आणि गोव्याहून टपालात पडतात. माझा या खंडाशी संबंध आला तो असा, शिक्क्यांच्या नादाने.

मग माणसं. मोहिमेत शास्त्रज्ञांबरोबर स्वयंपाकी, डॉक्टर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन जातात. त्या जागांच्या जाहिराती निघतात. दिल्लीला वैद्यकीय तपासणी, औलीला बर्फाचं प्रशिक्षण, मग केपटाउनहून विमान. पिण्याचं पाणी 'मैत्री'शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचं. कचरा गोळा करून परत आणायचा. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत गेलेल्या दोन पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी अदिती पंत या नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या घराण्यातल्या. हे सांगितलं की घरातल्या बायका संभाषणात येतात आणि साडूंची सभा आपोआप मोठी होते. तिथे संडास कसे असतात, हा प्रश्न आमच्या मेव्हणीने विचारला आणि तासभर तोच विषय चालला. नाझींचं नाव कोणी काढलं नाही.

काय करू नका

तो व्हिडिओ 'बघा काय मूर्खपणा' म्हणून पुढे पाठवू नका. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली की ती खरी वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसलेलं आहे, आणि 'खोटं आहे' ही पाटी लोक लवकर विसरतात.

त्याला चारचौघांत हरवू नका. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्रीने सपाट पृथ्वीवाल्या काही जणांना खर्च करून अंटार्क्टिकावर नेलं, युनियन ग्लेशियरला, चोवीस तास न मावळणारा सूर्य दाखवायला. सपाट पृथ्वीच्या नकाशात असा सूर्य बसत नाही. त्यांच्यातल्या एका नावाजलेल्या यूट्यूबवाल्याने कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की सूर्य मावळत नाही, मला वाटत होतं ते चूक होतं. घरी बसलेल्या त्याच्या मंडळींनी काय म्हणावं? हा विकला गेला, हे स्टुडिओत चित्रित केलंय. बिचाऱ्याचे वर्षानुवर्षांचे मित्र गेले. तुमच्या माणसालाही मत बदलायला तेवढंच मोजावं लागणार असेल तर तो बदलणार नाही. म्हणून बोलणं दोघांतच, शक्यतो चालताना. नंतर 'मी म्हटलं होतं ना' असं म्हणायचं नाही, बायकोलाही सांगायचं नाही.

आणि सगळं सोडवायचा हट्ट नको. भाचा भिंतीवरून उतरला. साडू नाझी तळाबद्दल आता 'तसं नसेलही' म्हणतात, पिरॅमिडवर मात्र ठाम आहेत. राहू देत. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते वेगळीकडे, आणि तिथे लक्ष ठेवा. त्याच चॅनेलवर खाली 'गुप्त ज्ञानाचा' सशुल्क कोर्स असतो, औषधं बंद करायला सांगणारा डॉक्टर असतो, किंवा अमुक समाजच सगळं चालवतो असं सांगणारा एखादा असतो. साडूंच्या बोलण्यात यातलं काही आलं तर बर्फ, सूर्य, करार सगळं बाजूला ठेवायचं. गोळ्या चालू आहेत का आणि खात्यातून कुठे पैसे जाताहेत का, एवढंच बघायचं, आणि ते मेव्हणीकडून.